शेल्टरमधून आणलेला थोराड कुत्रा: कार्डावर ‘ग्रेट डेन मिक्स’ लिहिलंय, तुम्हाला काय वाटतं?

पायवाट

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सर्जा आला आहे. सोलापूर रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे कुणीतरी त्याला दोरीनं बांधून निघून गेलं होतं. तिथून तो पुण्याजवळच्या एका शेल्टरमध्ये आला आणि तिथून आमच्या घरी. दत्तक कार्डावर जातीच्या रकान्यात ‘ग्रेट डेन मिक्स’ असं लिहिलेलं आहे. शेल्टरमधल्या मुलांना विचारलं तर म्हणाली, एवढा उंच आहे, तोंड काळं आहे, अंगावर पट्टे आहेत, म्हणून लिहिलं. आईबाप कुणीच पाहिलेले नाहीत.

फोटो चढवले आहेत. ज्यांना दिसत नसतील त्यांच्यासाठी वर्णन देते. रंग गव्हाळ-तांबूस, कुशीवर पुसट काळे पट्टे, नाकापासून डोळ्यांपर्यंत तोंड काळं. छातीवर पांढरा डाग, चारही पायांची बोटं पांढरी. केस आखूड, अंगाला चिकटून. कान निम्मे उभे राहतात आणि टोकाला मोडतात. शेपूट लांब, खूश असला की वर वळून पाठीवर येते. मागच्या डाव्या पायाला आतून एक जादा नखी आहे. नर. दातांवरून डॉक्टरांनी वय दीड वर्षाच्या आसपास सांगितलं. वजन ३१ किलो.

कुतूहल तर आहेच, पण अडचण त्यापुढची आहे. फिरायला नेलं की भेटेल तो म्हणतो, डेन म्हणजे ५५-६० किलो तरी पाहिजे, याच्या फासळ्या दिसताहेत, नीट खायला घाला. मी घालतेय, तो अर्धं ताटात ठेवतो. पुढच्या महिन्यात नसबंदी करायची आहे. आणि आमच्या सोसायटीच्या गटावर ‘हा कुठल्या जातीचा, धोकादायक तर नाही ना’ अशी विचारणा सुरू झाली आहे. त्यामुळे ज्यांनी मोठी कुत्री पाळली आहेत त्यांनी जरूर लिहा.

कल्याणी_ठाणे

आमच्या घरात गेली कित्येक वर्षं डेन आहेत, म्हणून लिहिते. काळं तोंड आणि पट्टे डेनमध्ये असतात, अगदी खरं. पण ते फक्त डेनमध्ये असतात असं मुळीच नाही. ठाण्यात आमच्या गल्लीत पट्टेरी गावठी कुत्री आहेत आणि त्यांच्या सात पिढ्यांत डेन आला नसेल.

मी रंग सोडून डोकं बघते. डेनचं मुस्कट खोल आणि चौकोनी असतं, वरचा ओठ खाली लोंबतो, कपाळ आणि नाकाच्या मध्ये स्पष्ट पायरी असते. तुमच्या बाजूनं काढलेल्या फोटोत मला कपाळापासून नाकापर्यंत जवळजवळ सरळ रेघ दिसते आणि ओठ घट्ट आहेत. डेनची शेपूट उत्साहात पाठीच्या रेषेपर्यंत येते, पाठीवर वळत नाही. आणि शुद्ध डेन नर खांद्याशी निदान ७६ सेंटिमीटर भरायला हवा. मिश्र असेल तर यातलं काहीही कमीजास्त होईल, पण चारही गोष्टी एकदम नाहीशा झाल्या तर ‘डेन’ म्हणायला उरलं काय?

ताई, मापं द्या. उंची डोक्यापर्यंत नको, भिंतीला लावून खांद्याच्या वरच्या हाडापर्यंत. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, कमरेचा घेर सगळ्यात बारीक जागी, आणि मानेचा घेर कानांच्या लगेच मागे.

चिकूपेरू

मला पहिल्याच फोटोत मॅस्टिफ, म्हणजे रुंद डोक्याचा दणकट राखणीचा कुत्रा, वाटला. काय छाती आहे! आमच्या नात्यात पंजाबकडून आणलेला बुली कुत्ता (तोही मॅस्टिफच) होता, त्याचा उभं राहण्याचा डौल असाच.

वहिवाट

चिकूपेरू, तुमचा अंदाज प्रामाणिक आहे, पण एक विनंती. कुत्रा पाहिल्याशिवाय कुणी ‘मॅस्टिफ’ हा शब्द त्याच्या कार्डाजवळ नेऊ नये. मी एका मोठ्या सोसायटीचा सचिव होतो, त्या अनुभवातून सांगतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री बंद करायला सांगणारं पत्रक राज्यांना पाठवलं होतं. त्यात पिटबुल, रॉटवायलर, मॅस्टिफ ही नावं होती आणि त्यांची मिश्र पिल्लंही धरली होती. कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते रद्द केलं. पण आमच्या गटावर ती यादी पुढची कित्येक महिने फिरत राहिली आणि रद्द झाल्याची बातमी एकाही माणसानं पुढे पाठवली नाही. ज्या घरात रुंद डोक्याचा कुत्रा होता त्यांना लिफ्टमध्ये टोकायला लोकांनी सुरुवात केली. तो कुत्रा लॅब्रॅडॉर आणि गावठी यांचा होता, मालकांनी त्याची आईसुद्धा पाहिली होती!

ग्रेट डेन त्या यादीत नव्हता, हेही नोंदवून ठेवा. आणि सोसायटीला म्हणाल तर, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सोसायटी सभासदांना कुत्रा पाळायला बंदी करू शकत नाही, आकारावरून किंवा जातीवरूनही नाही. त्या छापून फाइलमध्ये ठेवा. लसीकरणाचं पुस्तक सोबत ठेवा. निम्मे वाद तिथंच संपतात.

पायवाट

वहिवाट काका, फार उपयोगी माहिती दिलीत. आजच छापून घेते.

मापं: खांद्याशी ७१ सेंमी. छाती ७६. कमर ५१. मान ४३, आणि कपाळावरून डोक्याचा घेरही तेवढाच भरतो. पट्टा दोनदा डोक्यावरून निसटला आहे, त्यामुळे ते मुद्दाम मोजलं. मुस्कट लांब आणि निमुळतं आहे, कल्याणीताईंनी म्हटल्यासारखी पायरी अगदी नावाला.

एक राहिलं. अनोळखी माणसानं हात लावलेला त्याला आवडत नाही. गुरगुरत नाही, फक्त अंग बाजूला घेतो. पण रस्त्यापलीकडे मांजर दिसलं की त्याच्या अंगात काय संचारतं सांगता येत नाही.

माणदेशी

ताई, ७६ छाती आणि ५१ कमर वाचून लिहायला बसलो. जतच्या बाजूला आमचं गाव आहे, आजोबांपासून घरात कारवानी कुत्री आहेत. तुमच्या सर्जात कारवानी रक्त आहे असं माझं ठाम मत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. सांगली, सोलापूर, मराठवाडा आणि खाली विजापूर-बागलकोट या पट्ट्यात ही उंच, सडपातळ, शिकारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आम्ही कारवानी म्हणतो, कागदावर कॅरव्हान हाउंड. मुधोळचे राजे घोरपडे यांनी ही पैदास नीट लावून धरली. मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली आणि मुधोळ हाउंड हे नाव जगभर गेलं. आजही एक केनेल संघटना त्यांना कॅरव्हान म्हणून नोंदवते, दुसरी मुधोळ म्हणून. मुधोळजवळ तिम्मापूरला त्यांचं सरकारी संशोधन केंद्र आहे. २००५ मध्ये टपाल खात्यानं चार भारतीय जातींची तिकिटं काढली तेव्हा हिमालयन शीपडॉग, रामपूर आणि राजापालयम यांच्या जोडीला मुधोळ होता. झालरीसारखे लांब केस कानांवर आणि शेपटीवर असतील तर त्याला पश्मी म्हणतात.

आता सर्जाकडे. कारवानी नर ६८ ते ७२ सेंटिमीटर भरतो, म्हणजे उंची बरोबर बसते. लांब निमुळतं मुस्कट, घट्ट ओठ, खोल छाती आणि एकदम वर गेलेलं पोट, डोक्याइतकीच जाड मान, परक्याचा हात नको असणं, पळत्या जिवामागे जाणं, हे सगळं घरचं वाटतं. पण पक्का कारवानी नाही. आमच्या कुत्र्यांचे कान डोक्याला चिकटून खाली पडतात, याचे निम्मे उभे आहेत. शेपूट खाली सुटलेली आणि टोकाला बाकदार असते, पाठीवर येत नाही. वजनही थोडं जास्त आहे, कारवानी २२ ते २८ किलोत असतो. कान आणि शेपूट गावठीकडून आली असणार. वजनाचं एक कारण मला दिसतं. आमच्याकडे काही लोक वेगासाठी कारवानीत ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीची विलायती जात, घालतात. मला ते पटत नाही, आमच्या उन्हात आणि मुरमाड रानात टिकणारी कुत्री त्यात बिघडतात. पण करतात. आणि शर्यतीत मागं पडलेलं जनावर ढाब्यामागं बांधून जाणारेही त्यांच्यातच असतात. हे लिहिताना राग येतो, पण पाहिलेलं आहे म्हणून लिहिलं. शिकारीचं तर बोलायलाच नको, ससा मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

चिकूपेरू

माणदेशी दादा, सुंदर माहिती. मॅस्टिफ मागे घेतो. राजापालयम नसेल कशावरून?

माणदेशी

राजापालयम पांढरा, नाक गुलाबी. मिश्र असला तर रंग बदलेल, मान्य. पण तमिळनाडूच्या दक्षिण टोकाची ती जात. सोलापूर रस्त्यावर टाकलेल्या कुत्र्यात शोधायची तर आधी दारातलं कारवानी सोडून द्यावं लागेल.

जनुकवेडा

चर्चा छान चालली आहे, पण थोडा ब्रेक लावतो, कारण ठाम मत लवकर तयार होतंय.

आधी रंग. पट्टे आणि काळं तोंड, या दोन्हींसाठी आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच जनुक आलं तरी पुरतं. त्यामुळे हे दोन्ही गुण कितीही पिढ्या टिकतात आणि कुठल्याही वस्तीत सापडतात. आखूड केसांचंही तसंच. लांब केसांचं जनुक दोन्हीकडून आलं तरच केस लांब होतात, म्हणजे सर्जाचा बाप झुपकेदार केसांचा असता तरी तो असाच दिसला असता. केसांची लांबी, दाढीमिशा आणि कुरळेपणा मिळून मुख्यतः तीन जनुकांवर चालतात, हे २००९ मध्येच दाखवलं गेलं आहे. आपण ज्याला ‘दिसणं’ म्हणतो त्याचा मोठा भाग अशा मूठभर जनुकांचा असतो आणि बाकीचा कुत्रा आपल्याला दिसतच नाही.

१९६५ मध्ये स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांवर ग्रंथ लिहिला. त्यांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनिएल यांचा संकर केला होता. आईबाप दोन्ही शुद्ध, दोन्ही माहीत, तरी पुढच्या पिढ्यांतली कित्येक पिल्लं दोघांपैकी कुणासारखीच दिसत नव्हती. जिथं दोनच जाती आहेत तिथं ही गत!

आणि शेल्टरमधल्या अनुभवी माणसांचं म्हणाल, तर फ्लोरिडातल्या चार शेल्टरमध्ये १२० कुत्र्यांवर अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला. पशुवैद्य आणि कर्मचारी मिळून पाहणाऱ्यांनी ६२ कुत्र्यांना पिटबुल गटात टाकलं होतं. डीएनएत तो अंश सापडला १२० पैकी २५ मध्ये. ही रोज कुत्रीच बघणारी माणसं होती. पुण्यातल्या मुलांना दोष द्यायला नको; कार्डावर रकाना आहे म्हणून तो भरावा लागतो.

माझ्या मते कारवानीचा अंदाज डेनपेक्षा नक्कीच बरा आहे, कारण तो रंगावर नाही, बांध्यावर आहे. बांधा अनेक जनुकांनी ठरतो, एका जनुकाच्या जोरावर तो सहजी नकली तयार होत नाही. पण खोल छातीचा उंच गावठी असूच शकत नाही असं नाही. जादा नखीवरून तर काहीच ठरवू नका, ती गावठीतही येते.

हडसनकाठी

जनुकवेडा यांनी लिहिलेल्याला आमच्या घरातला पुरावा. न्यू जर्सीत आम्ही शेल्टरमधून घेतलेली कुत्री ‘लॅब मिक्स’ होती. काळी, खाली पडलेले कान, पाण्याची आवड. थुंकीचा नमुना पाठवून चाचणी केली, लॅबचा अंश शून्य. पाच जाती निघाल्या, एकही अशी नाही की जिचं नाव कुणी घेतलं असतं. इकडे २०१८ मध्ये अ‍ॅरिझोना आणि सॅन दिएगोच्या शेल्टरमधल्या नऊशेहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला होता. शुद्ध जातीची कुत्री शंभरात पाचही नव्हती. कर्मचाऱ्यांना निदान एक जात ओळखता आली ती साधारण दोनतृतीयांश वेळा, एकाहून जास्त जाती दहातून एकदा.

पण ताई, भारतातल्या कुत्र्यासाठी चाचणी करणार असाल तर एक लक्षात घ्या. इथल्या एका मित्रानं मुंबईच्या रस्त्यावरची कुत्री सोबत आणली, तिचा निकाल ‘साउथ एशियन व्हिलेज डॉग’ असा आला, जवळजवळ पूर्ण. मित्र हिरमुसला, त्याला चारपाच जातींची नावं हवी होती. मला तो निकाल फार आवडला. आपली गावठी कुत्री म्हणजे विलायती जाती मिसळून बिघडलेलं काही नाही. जाती घडवायच्या कितीतरी आधीपासून माणसांच्या वस्तीशेजारी स्वतःची स्वतः वाढलेली ती प्रजा आहे. आणि चाचणीचा निकाल कंपनीकडं ज्या जातींचे नमुने आहेत त्यांच्याशीच ताडून येतो. यादीत कारवानी नसेल तर सर्जात निम्मा कारवानी असला तरी निकालात दुसरंच नाव झळकेल. पैसे भरण्याआधी यादी बघा.

माणदेशी

हे पटलं. ‘ठाम’ हा शब्द काढतो, ‘बहुधा’ घाला. कारवानीवरचा जीव मात्र कमी होणार नाही.

पशुवैद्य_नाशिक

उशिरा आलो, पण ताईंच्या मूळ प्रश्नातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि त्यांचं उत्तर जातीचं नाव न कळताही देता येतं.

पहिली, वजन. डेन समजून याला ५५ किलोकडं न्यायला जाऊ नका. वाढ जवळजवळ पूर्ण झालेला, ७१ सेंमी उंचीचा, या बांध्याचा कुत्रा ३१ किलोत ठीक असतो. हाउंडच्या, म्हणजे कारवानी-ग्रेहाउंडसारख्या सडपातळ पळणाऱ्या कुत्र्याच्या, बांध्यात शेवटच्या दोनतीन फासळ्या आणि कमरेची हाडं दिसणं निरोगीपणातच मोडतं. कणा आणि मांडी बघा. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांसाची भरीव पट्टी लागते का, मांडी गोल आहे का? लागत असेल तर तो ताटात अर्धं ठेवतो तेच बरोबर आहे, त्याला त्याचं पोट कळतं. जादा वजन या लांब पायांच्या सांध्यांवर येतं. उलट कणा करवतीसारखा हाताला लागत असेल तर आधी जंत आणि गोचीडताप तपासा.

दुसरी, नसबंदी. ही खरी काळजीची. हाउंड बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी असते, आणि ग्रेहाउंडसारख्या जातींचं यकृत काही भुलीची औषधं फार सावकाश मोडतं. थायोपेंटोन दिलं तर कुत्रा तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. आता तर त्याहून सुरक्षित औषधं सहज मिळतात. तुमच्या सर्जनना आधीच सांगा: ‘याच्यात हाउंड असू शकतो, थायोपेंटोन नको.’ हाउंड नसला तरी ही खबरदारी घेऊन काही बिघडत नाही. असला आणि घेतली नाही तर जिवावर बेतू शकतं. शस्त्रक्रियेनंतर पांघरूण घाला, ही कुत्री लवकर गार पडतात. रक्ताच्या अहवालात तांबड्या पेशी जास्त आणि प्लेटलेट थोड्या कमी आल्या तर लगेच घाबरू नका, ग्रेहाउंडमध्ये ते नेहमीचं असतं. डॉक्टरांना मात्र बांधा दाखवून विचारा.

आणखी एक, न विचारलेलं. छाती खोल असलेल्या कोणत्याही मोठ्या कुत्र्याला पोटात वायू धरून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो. दिवसाचं जेवण दोन-तीन वेळांत विभागा, खाल्ल्यावर तासभर पळवू नका. ओकारीचे उमाळे येताहेत पण काहीच पडत नाही, पोट ढोलासारखं फुगलंय, कुत्रा अस्वस्थ आहे, असं दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजतासुद्धा दवाखाना गाठायचा.

कल्याणी_ठाणे

डॉक्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं शंभर टक्के अनुमोदन. आमचा एक डेन आम्ही त्या पिळानंच गमावला. मोठा कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घरात ही लक्षणं फ्रीजवर चिकटवलेली असावीत.

वहिवाट

लसीकरणाच्या पुस्तकात जातीपुढं काय लिहायचं ते राहिलं. माझं मत, जे माहीत आहे तेवढंच: ‘मिश्र, मोठा बांधा’. सोसायटीत कुणी विचारलं तर सर्जा कसा वागतो ते सांगा, लिफ्टमध्ये कसा उभा राहतो ते दाखवा.

जनुकवेडा

वहिवाट यांच्या मुद्द्याला आधार: २०२२ मध्ये १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुक वाचून एक मोठा अभ्यास झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या स्वभावातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरकाचा उलगडा जातीवरून होतो असं त्यात निघालं. जात अचूक कळली असती तरी सोसायटीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नव्हतंच.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. सर्जाची नसबंदी झाली. डॉक्टरांना आधीच सांगितलं होतं, त्यांनी लगेच ऐकलं आणि दुसरं औषध वापरलं. संध्याकाळपर्यंत तो पायांवर उभा होता. कण्याच्या बाजूला मांस लागतंय, जंताचं औषध झालं. पुस्तकात ‘मिश्र, मोठा बांधा’ लिहून घेतलं. चाचणी सध्या करत नाही, यादीत कारवानी आला की बघेन. माणदेशी दादा, मी घरात त्याला कारवानीच म्हणते, चालेल ना?

आता एकच उरलं. टाके काढले की बाहेर न्यायचंय आणि पट्टा अजून निसटतो. काय वापरता तुम्ही?

माणदेशी

चालेल म्हणजे काय, आनंद आहे. साधा पट्टा या कुत्र्यांना टिकत नाही, मान आणि डोकं सारखंच. ओढलं की थोडा आवळणारा, पण गळा न दाबणारा पट्टा मिळतो, त्याला मार्टिंगेल म्हणतात. चार बोटं रुंद घ्या, अरुंद पट्टा मानेत रुततो. माप कानांच्या लगेच मागे घ्या, मानेच्या बुडाशी नको. पूर्ण आवळल्यावर तो तुमच्या ४३ पेक्षा दोन सेंटिमीटर तरी कमी झाला पाहिजे, नाहीतर निसटेल. आणि कितीही शहाणा झाला तरी मोकळ्या रानात दोरी सोडू नका. ससा उठला की हाक कानावर पडत नाही.